चर्चामंडळ सुरू करायचे असेल, तर आधी प्रश्न घडवा

वाचनालयाची एक खोली, दहा-बारा खुर्च्या आणि ठरलेला वार एवढ्यावर चर्चामंडळ सुरू होते. उद्घाटन, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ यांच्या नादी लागू नये. थाटात उद्घाटन झालेल्या मंडळाची तिसरी बैठक निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. महिन्याचा दुसरा शनिवार धरावा, म्हणजे बँकेतील मंडळींनाही सुटी असते. खुर्च्या गोलाकार मांडाव्यात, ध्वनिक्षेपक आणू नये आणि चहा शेवटी द्यावा.

खरी मेख विषयात असते. ‘चांगला विषय निवडा’ हा सल्ला सगळेच देतात आणि तो अगदी कुचकामी आहे, कारण चर्चा विषयावर होत नाही, प्रश्नावर होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने ‘अभिजात मराठी : पुढे काय?’ असा विषय फलकावर लिहिला. पाच जणांनी पाच भाषणे केली, सर्वांचे सर्वांशी एकमत झाले, चाळिसाव्या मिनिटाला एक गृहस्थ घड्याळ पाहत उठले आणि त्यांच्यामागून निम्मी खोली रिकामी झाली. दोष माझा होता. ज्यावर कोणालाच नाही म्हणता येणार नाही, असे काहीतरी मी लोकांपुढे ठेवले होते.

पुढच्या महिन्यात विषय तोच ठेवला, पण विचारले एवढेच : ‘मागच्या वेळी बँकेत पैसे भरताना तुम्ही स्लिप कोणत्या भाषेत भरली, आणि का?’ क्षणभर कोणी बोलेना. मग एका निवृत्त शिक्षिकेने, आयुष्यभर मराठी शिकवूनही आपण ती इंग्रजीतच भरतो, कारण मराठीत आकडे लिहिले की खिडकीवरचा माणूस पुन्हा पुन्हा विचारतो, असे सांगितले. समोरच्या तरुणाला हे कारण पटले नाही, आणि तिथून मंडळ खऱ्या अर्थाने सुरू झाले.

म्हणून प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर स्वतःच्या आठवणीतून देता येईल आणि दोन प्रामाणिक माणसांची उत्तरे निराळी निघू शकतील. तो आधी घरात विचारून पाहावा. घरचे ‘बरोबर आहे’ म्हणून ताटाकडे वळले, तर खुशाल खोडावा. मी एकेका बैठकीसाठी सहा-सात प्रश्न खोडतो. प्रश्नाआधी कोणीतरी पानभर मजकूर वाचून दाखवावा, म्हणजे उशिरा येणाऱ्यांचीही सोय होते. ही पद्धत जुनीच आहे : मुंबईत १८४८ साली स्थापन झालेल्या ज्ञानप्रसारक सभेतही निबंध वाचले जात.

प्रश्न विचारल्यावर सूत्रधाराने तोंड मिटून बसावे. पहिली शांतता फार लांबल्यासारखी वाटते आणि ती भरून काढण्याचा मोह होतो. मी कित्येक बैठका अशाच बोलून बोलून बुडवल्या आहेत. आता मी मनात तीसपर्यंत आकडे मोजतो आणि वीसच्या आत कोणीतरी बोलतेच. भाषण ठोकणाऱ्याला गप्प करण्याच्या भरीस पडू नये. ‘हे तुमच्या बाबतीत कधी घडले?’ एवढेच विचारावे. सांगण्यासारखे काही असेल तर तो सांगतो, नसेल तर आपोआप आवरते घेतो.

दीड तास झाला की, वाद रंगात आलेला असला तरी, बैठक थांबवावी, पुढच्या महिन्याचा प्रश्न फलकावर लिहावा आणि मगच चहा मागवावा.