एकेका पल्सचा वर्णपट : सांगलीहून प्रकाशिकीकडे वळणाऱ्यांसाठी

सांगलीत एम.एस्सी. करताना वर्णपटाशी माझी ओळख सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन पिवळ्या रेषांपुरतीच होती. पुढे परगावच्या प्रयोगशाळेत सेकंदाला दोन कोटी पल्स, म्हणजे प्रकाशाचे अतिसूक्ष्म झोत, सोडणारा फायबर लेसर समोर आला, तेव्हा ती पुंजी अपुरी पडली.

ग्रेटिंगने (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या रेघांच्या पट्टीने) वर्णपट मोजणाऱ्या स्पेक्ट्रम अनालायझरची विभेदनक्षमता, म्हणजे जवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची क्षमता, ०.०२ नॅनोमीटरपर्यंत जाते. पण एका फेरीला तो सहसा सेकंदाच्या आसपास वेळ घेतो आणि कोट्यवधी पल्सची सरासरी दाखवतो. मार्केट यार्डातील शेकडो पोत्यांची हळद एकत्र दळून रंग पाहावा, तसे ते आहे. रेषीय डिटेक्टरचा स्पेक्ट्रोमीटर सेकंदाला हजारो वर्णपट देतो, आणि माझ्या मते निम्म्या प्रकल्पांना तेवढे पुरते. प्रत्येक पल्स वेगळी पाहायची असेल, तर ती लांब फायबरमधून पाठवून तिचा कालावधी ताणावा लागतो, कारण फायबरमध्ये प्रत्येक तरंगलांबीचा वेग थोडा वेगळा असतो. मग प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या क्षणी फोटोडायोडवर (प्रकाशाचे विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या डिटेक्टरवर) पोहोचते आणि तो सिग्नल वेळेनुसार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर वर्णपट उमटतो.

गणित सोपे आहे. नॅनोमीटरमागे १ नॅनोसेकंद ताण असेल, तर ३० नॅनोमीटरचा वर्णपट ३० नॅनोसेकंदांत पसरतो आणि दोन पल्समधील ५० नॅनोसेकंदांच्या अंतरात मावतो. डिटेक्टर व ऑसिलोस्कोप मिळून बँडविड्थ (किती जलद बदल टिपता येतो त्याची मर्यादा) १ गिगाहर्ट्‌झ असेल, तर सुमारे ०.३५ नॅनोमीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही, मग सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नोंदी, कितीही वाढवा.

मी फसलो तो दुसरीकडेच. सिग्नल क्षीण दिसला म्हणून मी फायबरच्या आधी अँप्लिफायर लावला. वर्णपट रुंदावला, त्यावर नवी शिखरे उगवली आणि मला शोध लागल्याचा आनंद झाला. प्रत्यक्षात तीव्र पल्स फायबरचा अपवर्तनांक क्षणभर बदलत होती आणि स्वतःचाच वर्णपट बिघडवत होती. म्हणजे मी लेसर मोजत नव्हतो, मोजण्याच्या तारेने केलेली करामत मोजत होतो. म्हणून फायबरच्या आधी अटेन्युएटर, म्हणजे प्रकाश क्षीण करणारे साधन, ठेवा आणि शक्ती निम्मी करा: उंची घटावी, आकार बदलता कामा नये. नंतर हजारो पल्सची सरासरी काढून ती अनालायझरच्या आलेखावर ठेवा. दोन्ही जुळत नसतील, तर पुढची एकही नोंद घेऊ नका.

ही चूक प्रत्येकाकडून होते, घाबरू नका. तयार प्रोग्राम हाती देऊन निघून जाणाऱ्या वरिष्ठांपेक्षा अटेन्युएटर कुठे आहे असे विचारणारा मार्गदर्शक मात्र शोधा. मला तो उशिरा भेटला. त्याच्या समोर पडताळणी केली, तेव्हा तीन आठवड्यांच्या नोंदींपैकी दोनच दिवसांच्या टिकल्या.