जेव्हीएमवर स्वतःची भाषा उभी करताना

जेव्हीएमवर, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनवर, मी स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा करायला घेतली. पहिले तीन महिने माझे पार्सरमध्येच, म्हणजे लिहिलेला कोड वाचून त्याची रचना ओळखणाऱ्या भागातच, गेले. व्याकरण सारखं बदलत होतं, एरर मेसेज सुबक होत होते, पण माझ्या भाषेतला एकही प्रोग्रॅम अजून चालत नव्हता. म्हणून जेव्हीएमवर नवी भाषा करायला बसलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: कामाला शेवटाकडून हात घाला.

म्हणजे भाषा तूर्त बाजूला ठेवा आणि एक क्लास फाइल, म्हणजे जेव्हीएम चालवतं ती कंपाइल झालेली फाइल, स्वतः तयार करून बघा. बाइटकोड, म्हणजे जेव्हीएमला कळणाऱ्या सूचना, लिहून देणारी एएसएम लायब्ररी घ्या, किंवा जावा २४ पासून जेडीकेतच (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्येच) आलेली क्लास-फाइल एपीआय घ्या. एक क्लास, त्यात एक मेन मेथड, तिने ४२ छापायचं, एवढंच. अडलं की तेच काम करणारा चार ओळींचा जावा प्रोग्रॅम लिहा, कंपाइल करा आणि जावापी या टूलने त्याचा बाइटकोड वाचा. माझ्या अर्ध्याअधिक शंका अशाच फिटल्या.

जेव्हीएम स्टॅकवर चालतं, म्हणजे किमती एकावर एक रचतं आणि वरूनच उचलतं. २ + ३ * ४ काढायचं तर २, ३ आणि ४ ओळीने स्टॅकवर ठेवायचे. गुणाकाराची सूचना वरचे दोन उचलून १२ ठेवते, बेरजेची सूचना २ आणि १२ उचलून १४ ठेवते. सिंटॅक्स ट्रीमध्ये, म्हणजे पार्सरने कोडच्या बनवलेल्या झाडात, आधी डावी फांदी, मग उजवी, मग मधला ऑपरेटर असं फिरलात की हा क्रम आपोआप हाती येतो. प्रोसेसरमधलं रजिस्टर (किंमत ठेवायची जागा) कोणत्या किमतीला द्यायचं हा प्रश्नच उरत नाही. फक्त लाँग आणि डबल लोकल व्हेरिएबलच्या दोन जागा अडवतात हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढचे सगळे क्रमांक एकाने घसरतात.

खरी परीक्षा इफ आलं की सुरू होते. जेव्हीएम कोड चालवण्याआधी तो तपासतं, आणि जिथे उडी येऊन पडते तिथे स्टॅकवर व व्हेरिएबलमध्ये कोणत्या टाइपचं काय आहे, हे आपण आधी लिहून द्यावं लागतं. त्याला स्टॅकमॅप फ्रेम म्हणतात. जावा ७ च्या क्लास फाइलपासून यातून सुटका नाही. फ्रेम नसली तर व्हेरिफाय एरर ठरलेला. एएसएमला 'कॉम्प्यूट फ्रेम्स' सांगितलं की ते फ्रेम काढून देतं. पण दोन फांद्यांतून वेगवेगळे टाइप आले तर त्यांचा सामाईक पूर्वज शोधायला ते क्लास लोड करू पाहतं, आणि तुमचे क्लास तर अजून तयार व्हायचे असतात! तिथे क्लास रायटरची 'गेट कॉमन सुपर क्लास' मेथड ओव्हरराइड करून तुमच्या कंपायलरकडची माहिती द्या.

आता एक चूक सविस्तर सांगते, कारण ती तुमच्याही वाट्याला येईल. माझ्या भाषेत प्रत्येक संख्या ऑब्जेक्ट होती. मोजणी अमुक आकड्याइतकी होईपर्यंत फिरणारं लूप मी लिहिलं. १०० पर्यंतचं नीट थांबलं. २०० पर्यंतचं थांबेचना. दोन संध्याकाळी मी पार्सर उसवत बसले. शेवटी जावापी उघडलं तर दिसलं की बरोबरी तपासायला मी दोन रेफरन्सची तुलना करणारी, म्हणजे किंमत न बघता ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघणारी, सूचना टाकली होती. इंटिजरची 'व्हॅल्यू ऑफ' मेथड −१२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट साठवून ठेवते, त्यामुळे १०० दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट होता; २०० मात्र दर वेळी नवा. मग मी 'इक्वल्स' वापरलं, तर इंटिजर ५ आणि लाँग ५ एकमेकांशी जुळेनात, कारण 'इक्वल्स' आधी क्लास बघतं. संख्यांची समानता ही माझ्या भाषेने ठरवायची गोष्ट होती आणि मी ती न ठरवताच पुढे गेले होते. शेवटी रनटाइममध्ये स्वतःची एक समानतेची मेथड लिहिली.

तयार प्लॅटफॉर्म घेण्याचा व्यवहार असाच असतो. गार्बेज कलेक्शन (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणं), जेआयटी (चालता चालता बाइटकोडचा मशीन कोड करणारा कंपायलर), थ्रेड आणि जावाच्या सगळ्या लायब्ररी आयत्या मिळतात, आणि त्यांच्याबरोबर जावाची मतंही येतात. मेथडने अगदी शेवटी केलेल्या कॉलला टेल कॉल म्हणतात; तो स्टॅकवर नवी जागा न घेता उडीने करता येतो, पण जेव्हीएम असे टेल कॉल काढून टाकत नाही. म्हणूनच २००७ साली आलेल्या क्लोजर भाषेत अशा कॉलसाठी 'रीकर' वेगळा लिहावा लागतो, आणि स्कालाचा कंपायलर मेथडने स्वतःलाच केलेला टेल कॉल लूपमध्ये बदलतो. मीही तेच केलं: पॅरामीटरना नव्या किमती द्यायच्या आणि मेथडच्या सुरुवातीला उडी मारायची. जावाच्या लायब्ररीतून येणारा नल, म्हणजे 'इथे ऑब्जेक्टच नाही' अशी किंमत, हाही असाच पाहुणा. जेव्हीएमवरच्याच कॉटलिन भाषेने नल टाइप सिस्टिममध्ये बसवला, तरी जावाकडून आलेल्या टाइपसाठी त्यांनाही सैल सोय ठेवावी लागली. तुमची भाषा तिथे काय करणार, ते लवकर ठरवा.

भाषा डायनॅमिक असेल, म्हणजे टाइप प्रोग्रॅम चालतानाच कळत असतील, तर इन्व्होकडायनॅमिक ही बाइटकोड सूचना समजून घ्याच. २०११ मध्ये जावा ७ बरोबर आलेली ही सूचना पहिल्या कॉलला तुमच्या बूटस्ट्रॅप मेथडला विचारते की कोणती मेथड जोडायची. एकदा जोडली की जेआयटी तो कॉल इनलाइनसुद्धा करू शकतं, म्हणजे कॉलच्या जागी त्या मेथडचा कोडच बसवू शकतं. जावा ८ चे लॅम्डा (नाव नसलेली छोटी फंक्शन) यावरच चालतात. तरीही सुरुवात याने करू नका. आधी साध्या स्टॅटिक मदतनीस मेथडवर सगळं चालवा, टेस्ट लिहा, मग एकेक कॉल बदलत जा.

एका मेथडचा बाइटकोड ६५,५३५ बाइटच्या पुढे जात नाही, हीसुद्धा नोंद ठेवा. मोठी यादी थेट कोडमध्ये लिहिलीत की ही भिंत लागते.

आणि तुमच्या भाषेतल्या मूळ कोडच्या ओळींचे क्रमांक पहिल्याच आठवड्यात क्लास फाइलमध्ये टाका. एएसएममध्ये फाइलचं नाव आणि 'व्हिजिट लाइन नंबर' एवढंच लागतं. मी ते फार उशिरा केलं. ज्या दिवशी केलं, त्या दिवशी एका चाचणी प्रोग्रॅममध्ये शून्याने भागाकार झाला आणि स्टॅक ट्रेसमध्ये (एरर कुठे आला ते दाखवणाऱ्या यादीत) माझ्या भाषेच्या फाइलचं नाव आलं, पुढे ओळ १७. फाइल उघडली. भागाकार १७ व्या ओळीवरच होता. डीबगर लावला, तर तोही तिथेच थांबला.