ड्युटी सांभाळून आयव्हीएफ कसं करायचं, हॉस्पिटलात काम करणाऱ्या बायकांसाठी

हे ठाणे-नवी मुंबईत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी लिहितेय, रेसिडेंट, कन्सल्टंट, ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टर, सगळ्याच. मी भूल देते, राहायला घोडबंदरला, काम नेरुळ बाजूला, आणि आयव्हीएफमधून, म्हणजे अंडी बाहेर काढून लॅबमध्ये गर्भ तयार करायचा आणि परत गर्भाशयात सोडायचा, ह्या सगळ्यातून गेलेय. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रीटमेंट रोस्टरमध्ये कोंबायची नाही, रोस्टर ट्रीटमेंटभोवती लावून घ्यायचं. अंगात ताप असला तरी नाईट करायची सवय असते आपल्याला, ती इथे चालत नाही.

सुरुवात वेळेत करा. पेशंटला आपणच सांगतो की ३५ च्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून आणि ३५ नंतर ६ महिन्यांत तपासणी करा, पण स्वतःचं मात्र एमडी, मग बॉण्डची सरकारी नोकरी, मग फेलोशिप असं पुढे ढकलत राहतो. रक्तातला एएमएच हार्मोन कमी आला म्हणून लगेच रडत बसू नका, तो अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देतो, क्वालिटीचा नाही. आणि नवऱ्याची सिमेन टेस्ट त्याच आठवड्यात करून घ्या, २ ते ७ दिवसांचा गॅप ठेवून. आपल्याकडे बाईच्या सगळ्या तपासण्या संपल्यावर मग कुणाला तरी नवऱ्याची आठवण येते, मला ह्याचा फार राग येतो.

क्लिनिक निवडताना एआरटी कायदा २०२१ (आयव्हीएफसारख्या ट्रीटमेंटचा कायदा) खालचं रजिस्ट्रेशन आहे का बघा. शक्यतो स्वतःच्या हॉस्पिटलात करू नका, कारण तिथे तुमचा रिपोर्ट सिस्टिमवर कुणीही उघडतं आणि लंचपर्यंत अख्ख्या डिपार्टमेंटला कळतं. दुसरं म्हणजे क्लिनिक घर ते हॉस्पिटल ह्या रस्त्यावरच हवं. अंडी वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली की साधारण १० ते १२ दिवसांत स्कॅनसाठी बऱ्याचदा जावं लागतं, बहुतेक सकाळी, आणि ऐरोली किंवा वाशीला ट्रान्सहार्बर लोकलमधून उतरून स्कॅन करून पुढे ड्युटीला जाता येतं, पण सकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये उलट्या दिशेला गेलात तर ओटी लिस्ट गेलीच समजा.

एकदा डॉक्टर ठरवली की तिथे पेशंट व्हा. रात्री २ वाजता पेपर वाचून स्वतःचा डोस बदलू नका, बॅचमेटला स्कॅनचे फोटो पाठवून पाच मतं घेऊ नका. प्रश्न लिहून न्या आणि बिनधास्त विचारा, "मी डॉक्टर आहे पण मला नीट समजावून सांगा" म्हणायला लाज कसली.

आता कुणाला सांगायचं. सगळ्यांना नाही, पण रोस्टर बनवणाऱ्या एका माणसाला सांगावंच लागतं. "सर, माझी एक ट्रीटमेंट सुरू होतेय, ह्या दोन आठवड्यांत नाईट नको, आणि एक दिवस ऐनवेळी सुट्टी लागेल, तारीख २ दिवस आधीच कळेल, बदल्यात पुढच्या महिन्यात मी नाईट घेईन." एवढं पुरतं, निदान सांगायची गरज नाही. एक मैत्रीणसुद्धा आधीच तयार ठेवा जी शब्द न विचारता स्वॅप करेल.

ती ऐनवेळची सुट्टी म्हणजे पिक-अप, अंडी बाहेर काढायचा दिवस. त्याच्या ३४ ते ३६ तास आधी ट्रिगर (अंडी पिकवायचं शेवटचं) इंजेक्शन घ्यायचं असतं, बहुतेक रात्री उशिरा, आणि ती वेळ अगदी घड्याळ लावून पाळायची, त्या वेळी तुम्ही इमर्जन्सी सिझरमध्ये स्क्रब झालेल्या चालणार नाही. म्हणून त्या रात्री कॉल घेऊच नका. रोजच्या इंजेक्शनांसाठीही रात्री ९ सारखी वेळ मागा, जेव्हा तुम्ही लोकलमध्ये लटकलेल्या नसाल. फ्रीजमधली इंजेक्शनं कूल बॅगेत न्या पण आइस पॅकला थेट चिकटू देऊ नका, गोठलं की वाया. पिक-अपला सेडेशन असतं, तेव्हा पुढचे २४ तास ड्युटी नाही, गाडी चालवणं नाही, हे मी भूलतज्ज्ञ म्हणून बजावून सांगतेय. त्यानंतर पोट फुगलं, वजन भराभर वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला तर "गॅस असेल" म्हणून राउंड घेत बसू नका, लगेच क्लिनिकला फोन. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ आत सोडल्यावर मात्र बेडरेस्टने यश वाढत नाही, हलकं काम करता येतं.

सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे मशीन), केमो मिक्सिंग (कॅन्सरची औषधं तयार करणं), नीट स्कॅव्हेंजिंग (भुलीचा गॅस बाहेर काढायची सोय) नसलेली ओटी, ह्यापासून लांबची पोस्टिंग आधीच मागून घ्या. टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा) लावा, ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

आणि मनाचं. लेबर रूममध्ये उभं राहून दुसरीच्या बाळाचं रडणं ऐकायचं, नातेवाईक पेढे आणून हातावर ठेवतात ते हसून घ्यायचे, हे खूप कठीण असतं आणि त्यासाठी स्वतःला कमजोर समजू नका. ज्या आठवड्यात सहन होत नाही त्या आठवड्यात ऑर्थोची लिस्ट मागा. डोहाळजेवणाला गेलंच पाहिजे असं नाही, ओटी भरायचं सामान पाठवून द्या आणि घरी झोपा. सासूबाईंना किंवा कॉलनीतल्या काकूंना "डॉक्टर असून कसं काय?" ह्याचं उत्तर नवऱ्यानेच द्यायचं, तसं त्याला स्पष्ट सांगून ठेवा. तरीही झोप उडाली, सारखं रडू येतंय असं झालं तर काउन्सेलर गाठा, आणि तोही बाहेरचा.

बीटाच्या (प्रेग्नन्सीच्या रक्ततपासणीच्या) दिवशी सुट्टी घ्या. निदान सँपल देऊन रिपोर्टचा मेसेज नवऱ्याच्या नंबरवर मागवा, ओपीडीत पेशंट समोर असताना फोनवर तो आकडा उघडला जायला नको. आयव्हीएफच्या किती सायकल (फेऱ्या) करायच्या, किती पैसे घालायचे हे दोघांनी सुरुवातीलाच ठरवा, निगेटिव्ह आल्याच्या संध्याकाळी नाही.

राहिलं गर्भपाताचं. पूर्वीच्या मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात आणि आता त्याच्या जागी आलेल्या सोशल सिक्युरिटी कोड, २०२० मध्ये त्यासाठी ६ आठवड्यांची पगारी रजा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी तिसऱ्या दिवशी ओटीत हजर होतात कारण कुणी सांगितलेलंच नसतं. सर्टिफिकेट घ्या, एचआरला लेखी अर्ज द्या, आणि पोचपावती घेतल्याशिवाय तिथून उठू नका.