सराट्यांच्या मुलखातून सायकल: नाता ते ग्वेटा

बोत्स्वानातील नाता ते ग्वेटा हा सुमारे १०० किलोमीटरचा डांबरी आणि जवळजवळ सपाट रस्ता सामानाने लादलेल्या सायकलवरूनही एका दिवसात पार होतो. त्यासाठी जून-जुलैचा कोरडा हिवाळा निवडावा आणि किमान ६ लिटर पाणी सोबत ठेवावे. वाहने आपल्याकडच्याप्रमाणेच डावीकडून चालतात.

‘पहाटे अंधारातच निघा’ हा नेहमीचा सल्ला येथे साफ चुकीचा आहे. रस्त्यावर गुरे, गाढवे आणि प्रसंगी हत्तीही उभे असतात, म्हणून चांगले उजाडल्यावरच निघावे. हत्ती दिसल्यास लांबच थांबावे आणि तो आपणहून निघून जाईपर्यंत पुढे सरकू नये.

खरी परीक्षा काट्यांची असते. आपल्या माळावरचा सराटा येथेही उगवतो आणि त्याचे वाळलेले फळ कसेही पडले तरी एक काटा वर रोखलेलाच राहतो. डांबरावर तो फारसा भेटत नाही. विसाव्यासाठी सायकल सावलीकडे ढकलत नेताना मात्र हमखास गाठतो. म्हणून डांबर सोडताच सायकल उचलून न्यावी. उचलत नसेल तर आधी सामान उतरवावे, पण ढकलू नये.

‘जादा ट्यूबा ठेवा, पंक्चर झाले की बदला’ असे सांगणाऱ्यांचे मी पहिल्या सफरीत ऐकले आणि एकाच दुपारी तीन ट्यूबा वाया घालवल्या, कारण काट्याचे मोडलेले टोक टायरमध्येच रुतून बसले होते. ट्यूब काढण्यापूर्वी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण करावी, म्हणजे ट्यूबचे छिद्र सापडल्यावर टायरमधली जागाही कळते. तरीही टायर आतून संपूर्ण तपासावाच. बोटाने नव्हे, सुती फडक्याने. फडके जेथे अडकेल तेथे टोक असते आणि ते चिमट्याने काढावे लागते. एक सापडले म्हणून थांबू नये, कारण सराटे सहसा एकटे येत नाहीत. छिद्र शोधण्यासाठी पिण्याचे पाणी सांडू नये. फुगवलेली ट्यूब ओठांजवळून फिरवली की बारीक झुळूकही जाणवते. पॅच लावताना घाई हीच मोठी चूक ठरते. पॉलिशपेपरने जागा घासून सोल्यूशन पातळ लावावे, त्याची ओली चकाकी पूर्ण जाईपर्यंत सावलीत थांबावे आणि मगच पॅच दाबावा. ओल्या सोल्यूशनवर चिकटवलेला पॅच दहा किलोमीटरही टिकत नाही, हे मी हट्टाने दोनदा करून पाहिले आहे.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा पाचपर्यंत ग्वेटा गाठावे. तंबू ठोकण्यापूर्वी खोत्ला, म्हणजे गावची चावडी, विचारत जावे आणि गावप्रमुखाची परवानगी घ्यावी. आधी पुरुषाला ‘दुमेला रा’ आणि स्त्रीला ‘दुमेला मा’ असा नमस्कार करावा, काम त्यानंतर सांगावे. जागा मिळाली की उजेड आहे तोवर दोन्ही चाके हळूहळू फिरवून रुतलेले काटे उपटावेत. हवा फुसफुसली, तर पंक्चर त्याच संध्याकाळी काढावे.