पहिल्या गुन्ह्यात तुरुंगाऐवजी परिवीक्षा कशी मागावी

घरातील तरुणावर किरकोळ चोरीसारखा पहिलाच गुन्हा सिद्ध झाल्यास, शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच वकिलामार्फत १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा लाभ मागावा. परिवीक्षा म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडणे. वय २१ वर्षांपेक्षा कमी असेल, तर कलम ६ नुसार न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि तुरुंगवास द्यायचाच असेल तर त्याची कारणे नोंदवावी लागतात. जन्मठेपेस पात्र गुन्ह्यांना मात्र हे लागू नाही. वकील परवडत नसल्यास जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

खरी अडचण पत्त्याची असते. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडण्यापूर्वी आरोपीचा किंवा त्याच्या जामीनदाराचा कायम ठावठिकाणा अथवा नियमित व्यवसाय आहे, याची न्यायालय खात्री करते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडील जी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, त्यांच्या घराला हंगामभर कुलूप असते, चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला कोणी भेटत नाही आणि पोटासाठी केलेले स्थलांतरच त्या तरुणाच्या विरोधात जाते. हा अन्याय आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. म्हणून ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, रेशनकार्ड आणि मुकादमाकडून कामाचे लेखी पत्र आधीच जमवावे, तसेच वर्षभर गावातच राहणारा, शेती असलेला नातेवाईक जामीनदार म्हणून उभा करावा.

बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षे असते. त्या काळात अधिकाऱ्याची देखरेख असल्यास, हंगामाला निघण्यापूर्वी त्याला लेखी कळवून पोच घ्यावी.