खाडीकाठच्या बदकांच्या शिकारीची सहल कशी आखावी

किनाऱ्यावरच्या शिकारीची आखणी बहुतेक जण बंदुकीपासून सुरू करतात आणि भरती-ओहोटीची वेळ शेवटी बघतात. माझा आग्रह उलटा आहे. खाजणात कधी शिरायचं आणि कधी बाहेर पडायचं, हे पाणी ठरवतं. बाकीचं सगळं त्या दोन वेळांच्या मध्ये बसवायचं.

१. परवानगी

भारतात हौसेखातर शिकार बेकायदा आहे, त्यामुळे जिथे कायदा परवानगी देतो तिथलाच बेत आखा. हंगामाच्या तारखा, कोणत्या जातीचे दिवसाला किती पक्षी चालतात आणि शिकारीच्या वेळा त्या भागाच्या सरकारी नियमावलीतूनच घ्या. संरक्षित क्षेत्राची हद्द नकाशावर लाल पेनाने आखून ठेवा, कारण पहाटेच्या अंधारात दलदलीत हद्द दिसत नाही. बंदूक घेऊन दुसऱ्या देशात जायचं असेल तर तिची परवानगी वेगळी काढावी लागते, तेव्हा अर्ज लवकर करा.

२. भरती-ओहोटीचं कोष्टक

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. जागा नवखी असेल तर पहिली सहल भांगाच्या दिवसांत ठेवा.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांची भरती धरली तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्साच येतो, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मा चढ होतो. चार मीटरची भरती असेल तर त्या दोन तासांत दोन मीटर. शिवाय पाणी आधी तुमच्या पाठीमागच्या चरांत शिरतं. समोरचा चिखल उघडा दिसत असतो आणि परतीची वाट तोवर बुडालेली असते.

कोष्टकातला आकडा हा अंदाज असतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, आणि समुद्राकडून जोराचा वारा असेल तर त्याहूनही जास्त. काही देश उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात; कोष्टक त्या उन्हाळी वेळेप्रमाणे आहे की नाही, हेही तपासा. तिथे एका तासाची चूक सहज होते.

मी स्वतः एक काठी नेतो. बसल्या जागेपुढे पाण्याच्या कडेला ती रोवायची. तिच्यावर चाकूने दोन खाचा केलेल्या असतात, वीतभर अंतरावर. पाणी खालच्या खाचेला लागलं की सामान आवरायचं, वरच्या खाचेआधी निघायचं. तेव्हा पक्षी कितीही चांगले येत असले तरी.

३. आदल्या दिवशीची फेरी

ओहोटीला, उजेडात, तीच वाट चालून बघा. चर कुठे ओलांडता येतो, चिखल कुठे गुडघ्यापर्यंत ओढतो, हे नकाशा सांगत नाही. माहीतगार स्थानिक वाटाड्या मिळाला तर नक्की घ्या. बदकं वाऱ्याला तोंड करून उतरतात, तेव्हा वारा पाठीवर घेऊन बसता येईल असा आडोसा शोधा. खऱ्या बदकांना भुलवायला नकली बदकं समोर मांडताना मध्ये उतरायला मोकळी जागा सोडा.

४. सामान

काडतुसं बिनशिशाची. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१ पासून बंद आहेत, युरोपीय संघाच्या पाणथळ भागांत २०२३ पासून. बंदी नसली तरी शिसं वापरू नका. चिखलात पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. शिशाऐवजी पोलादी छर्रे घेतलेत तर पोलाद हलकं असल्याने लवकर वेग गमावतं, म्हणून छर्रा आकाराने दोन नंबर मोठा घ्या (छर्ऱ्याचा नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा) आणि पक्षी तीस-पस्तीस मीटरच्या आत आल्याशिवाय झाडू नका. जुन्या बंदुकीची नळी पोलादी छर्ऱ्यांना चालते का, हे बंदूक दुरुस्त करणाऱ्याला आधी विचारा.

छातीपर्यंतची रबरी विजार घालणार असाल तर वर पट्टा घट्ट बांधा, म्हणजे पडलात तरी आत पाणी पटकन भरणार नाही. होकायंत्र, शिट्टी, पाण्यात न भिजणारा दिवा आणि कोरडे कपडे हवेतच. धुकं आलं की दिशा हरवते. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे किनाऱ्यावरच्या कुणाला तरी लिहून द्या.

घसरून पडलात तर आधी काडतुसं काढा, मग नळीतून आरपार बघा. टोकाला चिखलाचा बोळा बसलेला असताना बार काढला तर नळी फुटते.

५. परतल्यावर

जेवणाआधी बंदूक. रिकामी असल्याची खात्री करून ती खोला, धातूचे भाग गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण कोरडे करा आणि तेलाचा पातळ हात द्या. खारं पाणी एका रात्रीत गंज धरवतं. सोबत कुत्रा असेल तर त्यालाही गोड्या पाण्याने धुवा, आणि दिवसभर त्याच्यासाठी पिण्याचं पाणी वेगळं न्या. तहानेने तो खारं पाणी पितो आणि आजारी पडतो.