फ्लॅट भाड्याने देण्याआधी

परतावा बारा नव्हे, अकरा महिन्यांच्या भाड्यावर मोजा. एखादा महिना फ्लॅट रिकामा राहतोच. 80 लाखांचा फ्लॅट, भाडे 20 हजार: वर्षाचे 2.2 लाख. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 36 हजार आणि घरपट्टी 10 हजार वजा केली की उरतात 1.74 लाख, जेमतेम 2.2 टक्के. गृहकर्जाचा हप्ता यातून फिटेल या भरवशावर राहू नका.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) नोंदवणे ही घरमालकाची जबाबदारी. नुसत्या नोटरीवर भागवाल तर फसाल: नोंदणी नसेल, तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. मुदत संपूनही तो हलला नाही, तर दुप्पट भाडे मागता येते. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे शुल्क) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावले, तर लेखी हरकत घ्या.